कापितच्या पुढे पुआ कुम्बू बघायला जाताय? आधी नावेचं भाडं नीट ठरवा

पुआ कुम्बू म्हणजे इबान जमातीच्या बायका विणतात ते कापड. मलेशियाच्या सारावाक राज्यात सिबूहून कापितपर्यंत राजांग नदीचा प्रवास सोपा आहे. एक्सप्रेस बोट साधारण तीन तास घेते. एसी फार असतो, शाल वर ठेवा. खरी कसोटी कापितनंतर, बालेह नदीच्या लहान उपनद्यांत.

धक्क्यावर आम्हाला तासाभराचा रस्ता सांगितला होता. लागले चार तास, पैसेही ठरल्याच्या दुप्पट. कारण त्या रकमेत पेट्रोल नव्हतं, परतीची खेप नव्हती आणि नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला बसणाऱ्या दुसऱ्या माणसाची मजुरी नव्हती. तिन्ही धरून एकच आकडा ठरवा, तेही सामान चढवण्याआधी. दुसऱ्या माणसात काटकसर मात्र करू नका. पाण्याखालचा खडक तोच ओळखतो, उथळ पाण्यात काठीने नाव तोच वळवतो.

वरच्या अंगाला शेवटचा पाऊस कधी झाला, हे विचारल्याशिवाय निघूच नका. पाणी उतरलं की इंजिनाचा पंखा दगडावर आपटतो आणि त्याला दांड्याशी जोडणारी शिअर पिन तुटते. पंखा वाचावा म्हणूनच ती कच्ची ठेवलेली असते. मग इंजिन चालू, पण नाव प्रवाहाबरोबर मागे. जादा पिना आणि पक्कड नावेत आहेत का, हे डोळ्यांनी बघा. उतरून ढकलावं लागतंच. पट्ट्याचे सँडल घाला आणि नावेच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला, कधीही उभे राहू नका. नाव घसरली तर माणूस खडकाशी चिरडतो.

लाँगहाऊसमध्ये, म्हणजे अनेक कुटुंबांच्या एकाच लांबलचक घरात, आधी तुआई रुमाहला, म्हणजे प्रमुखाला भेटा. खाऊ नेलात तर दारं मोजून (एक दार म्हणजे एक कुटुंब) सारखा वाटा.

पुआ कुम्बू हे इबान बायकांचं इकत. म्हणजे विणण्याआधीच ताण्याचे, उभे धागे नक्षीप्रमाणे बांधून रंगवतात. तांबडा रंग एंगकुडूच्या मुळांचा, म्हणजे आपल्या बारतोंडीचा. तो नुसता बसत नाही. त्याआधी सूत आलं, मीठ आणि तेलाच्या मिश्रणात मुरवून कित्येक दिवस उन्हात आणि दवात ठेवतात. खरं कापड उलटून बघा: नक्षी दोन्ही बाजूंना तेवढीच ठसठशीत, नक्षीच्या कडा किंचित पिसारलेल्या, आणि मोठ्या पुआच्या मधोमध हाताची शिवण, कारण दोन पट्टे जोडलेले असतात. मागची बाजू फिकी असेल तर तो छापा आहे, घेऊ नका. खऱ्या पुआमागे महिनोन्‌महिन्यांचं काम असतं. तिथे घासाघीस करणं चूक.

परतताना कापड घडी न घालता गुंडाळा आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधा. नावेच्या तळाशी पाणी साचतंच.