तुम्ही विचारलंत म्हणून: ती कोणाची वाट बघतेय?

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी हॉलमध्ये चित्रकार हळदणकरांच्या त्या दिवा धरलेल्या बाईचा प्रिंट आहे, आणि येणारा प्रत्येक जण चहा घेता घेता विचारतोच, ती आनंदात आहे की दुःखात, कोणाची वाट बघतेय? (आणि ते रविवर्मांचं नाही हो. रविवर्मा १९०६ ला गेले, हे १९४५-४६ चं, जलरंगातलं, मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये.)

पूर्वी मी ठासून सांगायचे, आशा. 'ग्लो ऑफ होप' नावच आहे ना. वर हेही, की जलरंगात तेलरंगासारखा वरून पांढरा थापून भागत नाही, उजेड हवा तिथे कागद आधीपासून राखून ठेवायला लागतो, म्हणून तो उजेड इतका आतून आल्यासारखा वाटतो.

बाबा गेले त्यानंतरच्या पावसाळ्यात आई एकदा सोफ्यावर बसून बराच वेळ चित्राकडे बघत होती आणि म्हणाली, "हिला कोणीतरी सांगा गं, हात खाली घे म्हणून. भरून आला असेल." आणि मी, चित्रकलेचे क्लास घेणारी, म्हणाले, "अगं आई, दमलेली नाहीये ती, ती आशा आहे." आई काही बोलली नाही, उठून कुकर लावायला गेली. चौदा महिने बाबांना कुशीवर वळवणं, उठवून बसवणं, सगळं तिनेच केलं होतं, त्याच हातांनी, आणि मी तिला चित्राचं नाव सांगत होते.

नंतर कधीतरी वाचलं, हळदणकरांनी आपल्या मुलीला, गीताला, तीनेक तास दिवा धरून उभं केलं होतं. वाचून मी रडले. म्हणजे हात खरंच भरून आला असणार.

पण म्हणून चित्र थकव्याचं आहे असं मी म्हणणार नाही. तिचा चेहरा शांत आहे. ज्योतीआड धरलेली बोटं जवळून बघा, लाल झालीयेत, लोडशेडिंगमध्ये आपण टॉर्चवर हात ठेवायचो ना तशी. ज्योत विझू नये म्हणून हात धरलाय, एवढंच मला खात्रीने दिसतं. बाकी आशा काय, वाट बघणं काय, आपण घरूनच घेऊन येतो, असं म्हणते खरी, पण तेही पूर्ण पटत नाही, कारण मग हळदणकरांनी काय केलं?

गेल्या महिन्यात आईला विचारलं, तुला अजून तसंच वाटतं का गं?

"मी कधी म्हणाले असं?" म्हणाली, आणि चष्मा पुसून परत बघत बसली.