चार वर्षांनंतर पुन्हा सही करताना

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत वित्त विभागाची प्रमुख होते. मी राजीनामा दिला आणि पुढची चार वर्षे त्यांच्याजवळ राहिले. ते गेल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा अर्ज पाठवू लागले, आणि पहिल्याच मुलाखतीत मी एक चूक केली.

पगाराची अपेक्षा विचारताच मी शेवटच्या पगाराच्या जेमतेम दोन तृतीयांश भरेल असा आकडा सांगून मोकळी झाले. सूट कोणी मागितली नव्हती. समोरच्या गृहस्थांनी तो आकडा वहीत लिहिला, त्याखाली एक रेघ ओढली आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. यापुढची प्रत्येक वेतनवाढ आणि प्रत्येक बोनस त्या रेघेवरच्या आकड्यावरून मोजला जाणार, हे माझ्या लक्षात आले तेव्हा बोलून झाले होते. ती नोकरी मला मिळत होती, मी नाकारली.

नोकरीतल्या खंडाची किंमत बाजार स्वतःहून वसूल करतोच. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी मारियान बर्ट्रांड आणि लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह एमबीए झालेल्या स्त्री-पुरुषांच्या मिळकतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला जवळपास सारखे असलेले पगार पुढे फार दुरावतात, आणि त्या अंतराचा मोठा भाग शिक्षणातील विषय व गुण, नोकरीतील खंड आणि कामाचे तास या तीन गोष्टींतून येतो, असे त्यांना आढळले. बाजार इतके कापत असताना उमेदवाराने स्वतःच आधी कात्री चालवावी, हे मला आता अजिबात पटत नाही. पदाची जबाबदारी पूर्ण असेल, तर मोबदलाही त्या पदाचाच असला पाहिजे.

गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने २००८ मध्ये खंडानंतर परतणाऱ्यांसाठी मर्यादित मुदतीच्या सवेतन कामाचा उपक्रम सुरू केला आणि नंतर इतरांनीही तो मार्ग धरला. अनेकांना त्यातून दार उघडते आणि त्याचे मोल मी जाणते. पण पूर्वी ज्यांनी विभाग चालवला आहे, त्यांनी तो स्वीकारण्यापूर्वी पुढचे पद कोणते, हे लेखी मागावे.

रेझ्युमेमध्ये मी एकच ओळ लिहिली: ‘वडिलांच्या शुश्रूषेसाठी चार वर्षे.’ त्या काळात नेतृत्वगुण वाढले वगैरे लिहावे, असा सल्ला मला मिळाला होता, आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ती वर्षे वडिलांची होती. मुलाखतीत विकण्यासाठी ती मी जगले नव्हते. पुढच्या ठिकाणी पगाराचा प्रश्न आला तेव्हा मी या पदासाठी ठरवलेली श्रेणी विचारली, आणि त्या श्रेणीतच बोलणी झाली.

ज्ञानाची भरपाई वाटली होती त्यापेक्षा लवकर झाली. मी घरी असताना, १ जानेवारी २०१९ पासून, आयएफआरएस १६ हे भाडेकरारांच्या हिशेबाचे आंतरराष्ट्रीय मानक लागू झाले होते. भाडेकरूच्या बहुतेक भाडेकरारांचे दायित्व आता ताळेबंदात दिसू लागले होते, त्यामुळे कर्जाची गुणोत्तरे जुन्या सवयीने वाचून चालणार नव्हते. दोन आठवडे रोज रात्री कंपन्यांचे प्रसिद्ध झालेले वार्षिक अहवाल आधीच्या वर्षांच्या अहवालांशेजारी ठेवून वाचले, आणि ते अंगवळणी पडले. वेळ लागला तो माणसे ओळखायला: कोणाचा आकडा डोळे मिटून घ्यावा आणि कोणाचा पुन्हा तपासावा, हे कुठल्याच अहवालात लिहिलेले नसते.

रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात एका पुरवठादाराचे मोठे देयक मंजुरीसाठी आले. कर्सर मंजुरीच्या बटणावर होता, आणि माझा हात थांबला. ही भीती आहे की शंका, हे मला ठरवता येईना. मी शेजारच्या तरुण सहकाऱ्याला विचारले, “या पुरवठादाराला आपण आगाऊ रक्कम दिली होती का?” त्याने करार उघडला, खाली सरकत गेला आणि हळूच म्हणाला, “हो मॅडम, दिली होती. ती यातून वजा केलेली नाही.”

देयक दुरुस्त होऊन संध्याकाळी परत आले. मी ते पुन्हा एकदा वाचले आणि मंजूर केले.