आठवडा 21 : 32 किलोमीटर आणि 13 काड्या

रविवारी 32 किलोमीटर झाले. 3 तास 52 मिनिटं. मॅरेथॉनच्या आधीचा हा माझा सर्वांत लांब रन. आता तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत 42.195.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची पिठाची गिरणी आहे, तीन एकर वावर आहे. गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉन 2 तास 22 मिनिटांत केली. फुल ही पहिलीच. ती मी कॅन्सरच्या संशोधनाला पैसे जमवण्यासाठी पळते आहे. मीटरला 1 रुपया, म्हणजे 42,195 रुपये. महिन्याला जमेल ती रक्कम संशोधनासाठी म्हणून टाटा मेमोरियलला पाठवते आणि पावती गिरणीच्या भिंतीवर चिकटवते. आजपर्यंत 27,340 झाले.

आता रविवारचं. पहाटे साडेचारला निघाले. कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता, जाऊन-येऊन 16 किलोमीटर, त्याचे दोन फेरे. मागे मोटारसायकलवर दादा, पहिल्या गिअरमध्ये, हेडलाइट माझ्या पायांपुढे. धुकं इतकं की तुरीच्या ओळी फक्त वासावरून कळत होत्या. रात्रीच्या लायनीवर, म्हणजे रात्री वीज येते तेव्हा, हरभऱ्याला पाणी देणारे दोघं बांधावर शेकत बसले होते, त्यांनी हात केला. रानडुकरांच्या जागलीवरून परतणारे काका म्हणाले, "पोरी, थंडीत कायले जीव काढतं वं?" दादानेच सांगितलं, "माह्यासाठी पळते ते."

22 पर्यंत काही जाणवलं नाही. 26 ला पोटऱ्या दगड झाल्या. 29 ला पाय उचलतच नव्हते आणि डोकं म्हणत होतं, गाडीवर बस. मागच्या महिन्यात 28 च्या रनला असंच झालं होतं, तेव्हा खाणं कमी पडलं होतं. अंगात साठवलेली साखर साधारण 30 च्या आसपास संपत येते, तोवर वाट पाहायची नाही हे तेव्हा शिकले. या वेळी 40 मिनिटांपासूनच दर अर्ध्या तासाला गूळ-शेंगदाण्याचा लाडू, लिंबाएवढा. आणि घरचं पाणी : 1 लीटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाब झालेल्या लेकराला देतो तेच. थकवा आला, पण 28 च्या वेळचं ते गरगरणं आलं नाही. शेवटचा किलोमीटर 7 मिनिटं 2 सेकंदांचा होता, सगळ्या रनमधला सर्वांत वेगवान. तिथे मी खरंच ओरडले.

गुडघ्याबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. सोयाबीन कापणीच्या दिवसांत डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायची, पायरी उतरताना तर डोळ्यांत पाणी. मला वाटलं बुटांचा दोष. दोष रस्त्याचा होता. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आणि गाड्या समोरून दिसाव्यात म्हणून मी कायम उजव्याच कडेने पळत होते. एक पाय रोज खाली, एक वर. नऊ दिवस पूर्ण थांबले, मग कालव्यावर आले. तिथे रस्ता सपाट आहे. त्यानंतर कळ आली नाही. पावसाळ्यात मात्र कालव्याचा नाद करू नका. मुरमाचा भाग सोडला की काळी माती बुटाला अशी धरते की दर शंभर पावलांवर खुरप्याने खरवडावं लागतं.

दादाबद्दल मी आजवर नीट लिहिलं नव्हतं. रविवारी घरी आल्यावर त्यालाच विचारलं, तो म्हणाला लिही.

दादा पंधरा वर्षं खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटलेला. आमच्याकडे पानठेल्यावर दिवसभर तेच चालतं. दोन वर्षांपूर्वी जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आणि त्यात न भरणारी जखम. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली, सीएसएमटीला उतरलो, तिथून परळला टाटा मेमोरियल. गाठ लहान होती. मानेत काहीच लागत नव्हतं, सोनोग्राफीतही नाही. तरी डॉक्टर म्हणाले, जिभेसोबत मानेतल्या गाठीही काढू, म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या बारीक लसिकाग्रंथी. दादा घाबरला. मला म्हणाला, "मानेत काई नाही तं मान काहून कापतात वं?"

तेव्हा उत्तर माझ्याकडे नव्हतं. नंतर कळलं. हाच प्रश्न टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं रुग्णांवर तपासला होता. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ लागत नाही, अशा रुग्णांचे दोन गट. एका गटात मानेच्या गाठी लगेच काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसल्यावरच. 2015 मध्ये निकाल छापला : 500 रुग्णांत तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. त्याआधी जगभरचे सर्जन यावर दोन मतांचे होते. दादाच्या ऑपरेशननंतर रिपोर्ट आला, तेव्हा काढलेल्या एका गाठीत कॅन्सर सापडला. हाताला न लागणारा.

दादाच्या कानामागून गळ्यापर्यंत गेलेला तो वण मी रोज बघते. संशोधन म्हटलं की मला तोच वण दिसतो. त्या 500 जणांत आपल्यासारखेच खर्रा-तंबाखूवाले कितीतरी असतील. त्यांची नोंद कुणीतरी वर्षानुवर्षं ठेवली, म्हणून दादा माझ्यामागे गाडी चालवतो आहे.

रेडिएशननंतर त्याचा जबडा आखडला. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, आणि जमेल तेव्हा मधे एक सरकवायची. सुरुवातीला 8 बसायच्या. भाकरी दुधात कुस्करूनही घास जायचा नाही. काड्या तो पावडरच्या जुन्या डब्यात ठेवतो. मी पळून आले की ओट्यावर पाय ताणते, तो शेजारी बसून काड्या लावतो, डोळे मिटून, नाकाने श्वास घेत. माझ्या वहीत किलोमीटर, त्याच पानावर त्याच्या काड्या. पोळ्याला 10. दिवाळीला 12. रविवारी 32 किलोमीटरच्या खाली त्याने स्वतःच्या हाताने 13 लिहिले, आणि दुपारी भरीत-भाकरी खाल्ली. भाकरी न कुस्करता.

गिरणीवर मीटर विकणं चालूच आहे. दळण घ्यायला आलेल्या एका आजीने पदराची गाठ सोडून 20 रुपये दिले, "माहे 20 मीटर कुठचे ते दाखव." मी नकाशावर सीलिंकवरचे 20 मीटर दाखवले. समुद्रावर पूल आहे म्हटल्यावर तिने आणखी 10 घेतले. शेवटचे 195 मीटर विकायचे नाहीत, ते दादाने पहिल्याच दिवशी घेऊन ठेवलेत.

पुढचे आकडे : या रविवारी 22, मग 16, मग 8. वेग किलोमीटरला 7:05 मिनिटांच्या आसपास धरायचा आहे, पाच तासांच्या आत यायचं आहे. पेडर रोडचा चढ उशिरा येतो म्हणतात, आणि आमच्याकडे चढ म्हणजे धरणाची भिंत तेवढी. बुधवारी तिच्यावर सहा वेळा चढउतार करणार आहे. तो चढ ज्यांनी पळलाय त्यांनी पावलं लहान ठेवायची की चालून घ्यायचं, ते सांगा.

विदर्भ एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. दादा डबा सोबत घेणार आहे, काड्यांचा.