नोटेचं पेट्रोल

पेट्रोल लिटरवर विकलं जातं हे फक्त पंपाच्या बोर्डावर. घेणारा ते नोटेवर घेतो. दूध अर्धा लिटर मागतो, तेल किलोभर मागतो, पण ‘सव्वा लिटर टाका’ म्हणणारा माणूस मला अजून पंपावर भेटलेला नाही. ‘शंभरचं टाका’, ‘दोनशेचं टाका’ आणि पगार नुकताच झाला असेल तर ‘फुल करा’. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली, त्या दिवसापासून तिथे शंभराच्या नोटेत लिटरभरही येईना. तरी शब्द तोच राहिला, शंभरचं टाका.

कारण उघड होतं. पंपावरच्या पोराच्या एका हातात नोजल आणि दुसऱ्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत उभ्या घडीच्या नोटा, शंभराच्या वेगळ्या, पाचशेच्या वेगळ्या. त्याच्याकडे सुट्टे मागणं म्हणजे मागच्या सगळ्या रांगेचा रोष ओढवून घेणं.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि त्याच वर्षी नोटाबंदीही झाली. डिसेंबरात तर सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर रोकड न देणाऱ्याला पाऊण टक्का सूट जाहीर झाली. म्हणजे शंभरामागे पंचाहत्तर पैसे. पावली २०११ सालीच चलनातून गेलेली, त्यामुळे हे पैसे बघायचे ते बँकेच्या मेसेजमध्येच! पण त्या निमित्तानं पैशांना पुन्हा जीव आला खरा. आता चारशे सतरा रुपये अडतीस पैसे झाले, तर तेवढेच पाठवता येतात.

म्हणजे आता नोटेची अट उरलेली नाही. हवं तर बरोबर दोन लिटर घ्यावं, मशीनवर लिटरचा आकडाही टाकता येतो. पण आपण या मोकळिकीचं काय केलं? ‘दोनशे दहाचं टाका’ म्हणायला लागलो. शंभर, दोनशे, पाचशे या आकड्यांना मशीन आधीच ‘सेट’ करून ठेवलेलं असतं, वेडावाकडा आकडा सांगितला की माप पुरेपूर मिळतं, अशी एक पक्की समजूत आहे. खरं तर आकडा कुठलाही सांगा, पेट्रोल मोजणारा मीटर तोच. शंका आलीच तर पंपावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागावं. ते कोणी मागत नाही. मीही दोनशे दहाच सांगतो.

पूर्वी या वरच्या दहा रुपयांसाठी पाकीट उचकावं लागायचं. आता मागे लागतो तो साउंडबॉक्स. पन्नासाचं पेट्रोल भरणारा कॉलेजचा पोरगा आधी नोट मुठीतून सरकवून मोकळा व्हायचा. आता ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ हे रांगेतल्या शेवटच्या रिक्षापर्यंत जातं. त्याच्या मागोमाग मोटारवाल्याचे तीन हजार, तेही त्याच सुरात. डब्यानं एवढी समता मात्र पाळली आहे.

खरी पंचाईत होते ती गोल चक्र फिरत राहिलं की. किराणा दुकानात साखरेची पुडी परत ठेवता येते, टाकीतलं पेट्रोल कोण काढणार? खात्यातून पैसे गेलेले, डबा मुका, मागे हॉर्न. मग पोरगा म्हणतो, “काका, गाडी जरा हवेच्या मशीनपाशी घ्या, पैसे आले की जावा.” तिथे आधीच दोघेतिघे मोबाइल उंच धरून रेंज शोधत उभे असतात. एकमेकांना ‘तुमचं कुठलं ॲप?’ असं विचारून होतं. शेवटी एखादे गृहस्थ मोबाइलचं कव्हर सोलून त्यामागे अडीअडचणीला ठेवलेली नोट काढतात. नोट दोनशेची असते आणि पेट्रोल भरलेलं असतं दोनशे दहाचं.