दुधाचा हात

रंकाळ्याजवळच्या आमच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, दिसत नाही. दोन हिवाळे मान मोडून घेतली तेव्हा हे पटलं. रस्त्यावर पांढरे एलईडी लागल्यापासून आभाळाला बारमाही ताकाचा रंग असतो. म्हणून यंदा कार्तिक अमावास्येला दहा बाय पन्नासची दुर्बीण पिशवीत टाकली आणि बाजारभोगावच्या पुढं मामांच्या मळ्यात गेलो.

“अवसंला कोण घराबाहेर पडतं व्हय?” मामींनी दारातच विचारलं. चंद्र नको म्हणूनच आलोय, हे काही त्यांना रुचलं नाही.

रात्री नऊला मळ्यात बाज टाकून उत्तरेकडं पाय करून आडवा झालो. शर्मिष्ठा हा तारकासमूह; ती त्या वेळी इंग्रजी ‘एम’सारखी उभी असते. तिच्या दोन शिखरांतलं जे जास्त टोकदार, ते वर देवयानीकडं रोखलेलं. म्हणजे जिनं देवयानीला विहिरीत ढकललं, तीच आता आभाळात तिचा पत्ता सांगत बसली आहे. आणि ययाती शेजारीच. नावं ठेवणाऱ्याला हे भांडण मिटलेलं बघायचं असावं.

अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास द्यावा लागतो. माझी पंचवीस मिनिटं झाली होती, तेवढ्यात बॅटरीचा झोत थेट तोंडावर.

“काय बघायलाईस रं?”

मामा. लाईट रात्रीची, त्यामुळं उसाला दारं धरायला निघाले होते. माझी पंचवीस मिनिटं पाटात वाहून गेली. बॅटरी बंद करायला लावली आणि त्यांनाही बाजेवर बसवलं. आता गंमत अशी, की ती दीर्घिका रोखून बघितली की विरते. डोळ्याचा मधला भाग रंगांत हुशार, पण अंधुक उजेडात ढ. कडेचा भाग त्याच्या उलट. म्हणून जरा बाजूला बघायचं आणि तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून येऊ द्यायचं. लग्नात मुलगी बघितल्यासारखं, असं मामांना सांगणार होतो, पण नातं आडवं आलं.

दुर्बिणीची गरजच पडली नाही. रात्रीचं पाणी पाजून तयार झालेले डोळे ते. माझ्या आधी त्यांना दिसलं.

“एवढंच व्हय? दुधाचा हात काळ्या घोंगड्याला पुसल्यागत दिसतंय.”

इराणातल्या अल-सूफीनं ९६४च्या सुमारास याच डागाला ‘लहान ढग’ म्हटलं होतं. मला दुधाचा हात जास्त पटला. फोटोतली निळ्या-गुलाबी भुजा पसरलेली देवयानी कॅमेऱ्यानं तासन्‌तास उजेड साठवून केलेली असते. आपल्या वाट्याला फक्त तिचा उजळ गाभा येतो. सगळी दिसली असती, तर सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीनं मांडावेत एवढी लांब भरली असती.

‘गॅलेक्सी’ या शब्दाच्या मुळाशीही ग्रीक दूधच आहे, असं मी सांगितलं.

“मग फॅट किती लागलं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून अंतर सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत तेही धड माहीत नव्हतं. हा डाग आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे, असं बऱ्याच जाणत्यांना वाटायचं. १९२३च्या ऑक्टोबरात एडविन हबलनं माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीनं काढलेल्या फोटोच्या एका काचेवर त्यातला एक तारा हेरला. आधी ‘नवतारा’ म्हणून केलेली खूण खोडून तो रूपविकारी, म्हणजे उजेड कमीजास्त होणारा तारा असल्याचं लिहिलं. त्या ताऱ्याच्या उजेडाच्या चढउतारावरून अंतर निघालं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. आज २५ लाख मानतात. म्हणजे हबलचा हिशेब निम्म्याहून जास्त चुकला, तरी आकाशगंगेच्या बाहेर दुसरं जग आहे हे ठरायला तो पुरला.

“आणि ती आपल्याकडं येतेय, मामा. सेकंदाला ११० किलोमीटर. कोल्हापूर ते पुणं दोन-सव्वादोन सेकंदात.”

“आमाला परवा सहा तास लागलं,” मामा म्हणाले. “तिला म्हणावं, हायवेनं येऊ नगो.”

मग बॅटरी पेटवून ते उसात शिरले. माझे डोळे पुन्हा गेले ते गेलेच. आणखी अर्धा तास थांबायला हवं होतं, पण थंडी वाढली होती आणि मामींनी दोनदा हाक मारली होती.

परवा रात्री साडेनऊला फोन आला.

“तुजा दुधाचा हात आलाय बघ डोक्यावर. मोटर चालू करून आलोय, आता बसायचंच हाय.”

मी गच्चीवर गेलो. ताक होतं.