किबालेचा पिट्टा: चिंपांझी ट्रेकच्या भरवशावर जाऊ नका

ग्रीन-ब्रेस्टेड पिट्टा या रंगीत पक्ष्यासाठी युगांडातल्या किबालेच्या जंगलात जायचं ठरवत असाल तर आधी हे ऐका. "चिंपांझी ट्रेकमध्येच पिट्टा पण होऊन जातो" असं टूरवाला म्हणाला तर तो थापा मारतोय. आम्हाला हेच सांगितलं होतं. ट्रेक सुरू होतो सकाळी आठला, तोवर पिट्टा आपला नाचाचा कार्यक्रम आटोपून गप्प झालेला असतो, मग पाचोळ्यात वाळवी-मुंग्या टिपत फिरणारा तो एवढासा पक्षी तुम्ही शोधणार कुठे, आणि गाइड चिंपांझीमागे धावणार की तुमच्यासाठी थांबणार?

त्यामुळे पहाटेचा बर्डिंग वॉक वेगळा बुक करा, आणि त्याचं लेखी घ्या. वॉक सुरू होतो त्या कान्यान्चूच्या पार्क ऑफिसला अंधारात हजर राहायचं असतं, म्हणून मुक्काम फोर्ट पोर्टल शहरात नको, जंगलाजवळच करा. आमच्याकडे ड्रायव्हरने "लवकर एंट्रीचे" म्हणून वरचे डॉलर मागितले, पावती विचारली तर हसला. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढंच बोलायचं, वाद घालत बसायचं नाही.

आता वाट. मेन ट्रेल सोडून आत शिरलं की ओला उतार, मुळं, चिखल, टॉर्चच्या उजेडात काही धड दिसत नाही, आणि वर चावऱ्या सफारी मुंग्या! पँट मोज्यात खोचूनही दोन-चार वर चढल्याच. ओढून काढली तर धड हातात येतं आणि डोकं कापडाला तसंच चिकटून राहतं. गमबूट घ्याच, ट्रेकिंग शूजचा इथे काही उपयोग नाही.

आणि मग फर्रर्र... पंखांचा आवाज. आडव्या फांदीवर जागच्या जागी उडी, परत फर्रर्र. हिरवी छाती, लालभडक पोट, पंखांवर निळे ठिपके. कोकणात पावसाळ्यात नवरंग, म्हणजे आपल्याकडचा पिट्टा, पाहिलेले म्हणतील त्यात काय एवढं, त्यांनी खुशाल घरी बसावं! फ्लॅश मारू नका, कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवा, फोटो गेला तर गेला.

हे नाचणं विणीच्या काळातलं, तेव्हा तारखा लोकल गाइडला विचारूनच ठरवा. बाकी फोर्ट पोर्टलची तळी वगैरे छान आहेत, बघा.

यलो फीवरची लस किमान 10 दिवस आधी घ्या, कार्ड परत येताना भारतातही मागतात. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या न्या, जुन्या कोणी घेत नाही, आणि छोट्या नोटांना रेट कमी देतात.