लिंक १०० वर कामून पडायली होती, घावलं एकदाचं

मंडळी, मागच्या अपडेटमधलं भूत सापडलं. तेच, मागच्या खोलीतला एक्सेस पॉइंट (वायफायचा डबा) सकाळी गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसवर, आणि ऊन चढलं की १०० वर. राउटर नाही, राउटरमधली ओपनडब्ल्यूआरटी प्रणाली नाही, फायबरवाला तर अजिबात नाही, ओएनयूवर (फायबर घरात येऊन जोडतो तो डबा) सिग्नलची पॉवर -२१ डीबीएमला ठाम उभी आहे. केबल!

केबलवर संशय यायला एवढा उशीर झाला तो त्या लाइटवाल्या लॅन टेस्टरमुळं. १ ते ८ सगळे दिवे ओळीनं हिरवे, मग माणूस दुसरीकडंच शोधत बसणार ना. तार टोकापर्यंत जोडलेली आहे का एवढंच ते बघतं, तेबी सकाळच्या गारव्यात. शेवटी टीपी-लिंकचा एसजी१०५ई स्विच मधी घातला, त्यात केबल टेस्ट आहे, ती भर दुपारी चालवली. ओपन, १९ मीटर, म्हणजे तिथं तार तुटलीय. टेप घेऊन वर चढलो, तर १९ मीटर म्हणजे बरोबर माळवद संपून नवा स्लॅब सुरू होतो तो कठडा, तिथं वायरमननं केबल काटकोनात दाबून क्लिप ठोकलेली. वरचं आवरण परभणीच्या उन्हानं पापड झालेलं. सोललं तर निळ्या जोडीतली एक तार आतल्या आत तुटलेली, टोकं नुसती टेकून होती, तापलं की सुटत असणार. आणि ब्लेडनं खरवडलं तर तांबं नुसतं वरून, आत पांढरं अल्युमिनियम. सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अल्युमिनियम! बॉक्सवर मात्र ठळक कॅट६, हा तांब्याच्या लॅन केबलचा दर्जा. असल्या मालाला कॅट६ म्हणून विकणं म्हणजे सरळ फसवणूक आहे.

लॉगमधी लिंक डाउन-अप-डाउन अशी माळ दिसायली होती, आता तिचा अर्थ लागतो. केबलमधी आठ तारांच्या चार जोड्या, १०० एमबीपीएसला १-२ आणि ३-६ ह्या दोनच लागतात, गिगाबिटला चारी. निळी म्हणजे ४-५. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिटचं ठरवतात कारण ती बोलणी चांगल्या जोडीवर होते, मग प्रत्यक्षात लिंक जुळत नाही, परत प्रयत्न, परत आपटी, शेवटी चिप कंटाळून १०० वर उतरते. एक्सेस पॉइंट रात्री आपोआप रीबूट व्हायचा, तेबी ह्याच केबलमुळं असावं, अल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि आपलं पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणं) २४ व्होल्टचं पॅसिव्ह, म्हणजे टोकाला व्होल्टेज कमी पडत असणार, पण ते अजून मोजलं नाही.

तात्पुरती जुनी तांब्याची केबल अंगणातून टाकली. आयपर्फवर (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) ९४ चे थेट ९४१ एमबीपीएस, एकबी रिट्राय नाही, परत परत चालवून बघत बसलो, पोरगी म्हणली बाबा एकटेच हसायलाव कामून.

पुढचा प्लॅन शुद्ध तांब्याची आउटडोअर कॅट६, असं लिहिणार होतो. पण माळवदावरून परत तांबंच कामून न्यायचं? मागच्या अवकाळीत विजेनं दोन पोर्ट जाळले होते, फायबर म्हणजे काच, ती वीज वाहत नाही. त्यामुळं रद्द, आता फायबर! एका धाग्यावर चालणारे मीडिया कन्व्हर्टर (लॅनचा सिग्नल फायबरच्या उजेडात बदलणारे डबे), एक १३१० नॅनोमीटरच्या उजेडावर पाठवणारा न् दुसरा १५५० वर, दुकानदार दोन्ही सारखेच हातात देतात, लेबल बघून घ्या. मागं इन्व्हर्टरचा पॉइंट आहे, पीओई इंजेक्टर तिथंच बसंल.

एससी टोकं (फायबरचे चौकोनी कनेक्टर) लावलेली ३० मीटरची तयार फायबर केबल पाऊण इंची पाइपातून जाते का, का कनेक्टर कोपऱ्यात अडकतो? कुणी ओढली असंल तर सांगा, स्प्लायसिंगवाल्याला (फायबरची टोकं जोडणारा) बोलवायचं का नाही ते त्यावर ठरवतो. घाई आहे, आईला अंगणात कुरडया घालायच्यात आणि माझी केबल बरोबर मधून गेलीय.